जुन्यावर नवं, पण झाकण ठेवून



आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला छत्तिसावा. भगवंत अर्जुनाला म्हणतात, समज, तू सगळ्या पाप्यांमधला सगळ्यात मोठा पापी असलास, तरी ज्ञानाच्या नावेत बसून हे सगळं पाप तरून जाशील. हा श्लोक मी कॉलेजपासून वाचत आलोय आणि तो मला नेहमी दिलासा देणारा वाटायचा. मागे काहीही घडलेलं असो, नाव तयार आहे, बसा आणि चला!

यंदाचा हिवाळा मात्र मी एका खऱ्या नावेत गुडघ्यांवर बसून काढला, आणि त्यानंतर हा श्लोक पूर्वीसारखा वाचता येईना. आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांब आहे. चहा घेऊन बसा.

इथे सिएटलमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. माझी मुलगी त्यांना ‘बोटवाले आजोबा’ म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्यांनी १९७८ सालची, तीस फुटी, फायबरग्लासची एक शिडाची बोट स्वस्तात घेतली. ती लेक युनियन या गोड्या पाण्याच्या तलावात उभी असते. समुद्रात जायचं तर १९१७ पासून चालू असलेल्या बॅलर्डच्या लॉक्समधून खाली उतरावं लागतं. बोटीत एक छोटी केबिन आहे. दोन बाकं, एक शेगडी, मध्ये घडीचं टेबल आणि पायाखाली लाकडी जमीन. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून कंटाळा येतो, म्हणून शनिवारी मी आजोबांच्या हाताखाली कामाला जाऊ लागलो.

अशा बोटींतली जमीन दिसायला फार सुंदर असते. सागाच्या रुंद पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये होली नावाच्या झाडाच्या पांढुरक्या बारीक रेघा. आता बहुतेक वेळा अख्ख्या फळ्या नसतात, प्लायवूडवर साग आणि होलीचा पातळ थर असतो. आजोबांच्या बोटीतला हा थर जागोजागी झिजला होता. वॉर्निशचे पोपडे निघाले होते आणि डोलकाठीजवळ काळे डाग पडले होते.

मी लगेच उपाय सुचवला. “जुनं उखडत कशाला बसायचं? सहा मिलिमीटरचं नवं साग-होलीचं प्लायवूड आणू, मापात कापू, वरून चिकटवून टाकू. दोन शनिवारांत बोट नवी.” आपल्या धंद्यात आपण हेच करतो ना? जुन्या कोडला हात लावायची भीती वाटते, म्हणून त्याच्यावर नवा चकचकीत थर चढवायचा.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी लाकडी हातोडा घेतला आणि जमिनीवर वीतभर अंतराने ठोकत गेले. टक, टक, टक. डोलकाठीजवळ आवाज बदलला. ‘टक’ऐवजी ‘भद’. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

मग कळलं की माझी युक्ती कुणीतरी आधीच वापरली होती. आधीच्या मालकाने मूळ जमिनीवर प्लायवूडचा एक थर सरसकट चिकटवला होता. मूळ जमिनीत तीन झाकणं होती. दोन त्याने नव्या थरातही कापून ठेवली होती. तिसरं, डोलकाठीजवळचं, कापायला कटकटीचं असावं. ते त्याने बुजवून टाकलं होतं.

ही झाकणं कशाला असतात ते सांगतो, कारण आजचं सगळं चिंतन त्यांच्यावरच उभं आहे. केबिनच्या जमिनीखाली बोटीचं पोट असतं. कुठूनही आत आलेलं पाणी शेवटी तिथे साठतं. ते उपसणारा पंप तिथे असतो. बोटीला उलटू न देणारा जड कील ज्या बोल्टांनी तळाला धरलेला असतो, त्यांची टोकं तिथे दिसतात. बोट सुस्थितीत असते तेव्हा वर्षभर त्या झाकणाची कुणाला आठवणही होत नाही. पण एखाद्या रात्री पायाला पाणी लागलं तर ते कुठून येतंय हे शोधायला काही मिनिटंच हातात असतात. तेव्हा झाकण उचलता आलं पाहिजे. नाहीतर ती सुंदर जमीन घेऊनच बोट बुडते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. मला वाटलं होतं, बोट कुजते ती खालच्या पाण्याने. आजोबा हसले. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी सहसा मानवत नाही. लाकडाचा घात करतं ते पावसाचं गोडं पाणी, आणि ते वरून येतं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पोलादी तारा जिथे डेकला जोडलेल्या असतात, तिथलं सीलंट वर्षानुवर्षांत तडकलं होतं. सिएटलची रिमझिम तिथून आत शिरायची, भिंतीतल्या अस्तरामागून उतरायची आणि जमिनीच्या दोन थरांमध्ये येऊन बसायची. वरचा थर कोरडा ठणठणीत दिसायचा. खालच्याला वाळायला वारा नव्हता. एकच थर असता तर डाग लवकर दिसला असता आणि कुणीतरी वेळेवर लक्ष दिलं असतं.

मी गुडघ्यांवर बसून तो काळा भुसा हाताने बाहेर काढत होतो. आणि मला माझाच एक शुक्रवार आठवला.

मंडळी, इथे मला माझ्याबद्दल काही सांगायचंय.

चार वर्षांपूर्वी मी एका कंपनीत टीम लीड होतो. पुण्याच्या टीममध्ये एक नवा मुलगा होता, कॉलेजमधून बाहेर पडून वर्षच झालेलं. मला ‘दादा’ म्हणायचा. एका शुक्रवारी रिलीज होता. फोनवर त्याने विचारलं, “दादा, एकदा टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालवून पाहू का?” मी म्हणालो, “वेळ नाही रे, टाक.” त्याने टाकलं. पुढचे तीन तास ग्राहकांचे पैसे भरणं बंद पडलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये कारण शोधलं गेलं. बदल त्याच्या नावावर होता. चाचणी झाली नव्हती, हेही दिसत होतं. चाचणी करू नकोस असं मी सांगितल्याची नोंद कुठेच नव्हती, कारण ते फोनवर बोललो होतो. मी खोटं बोललो नाही. मी फक्त गप्प बसलो. तोही गप्प बसला, कारण तो लहान होता आणि मी दादा होतो. तीन महिन्यांनी त्याला त्या प्रोजेक्टवरून काढलं, पुढे त्याने कंपनी सोडली.

त्यानंतर काही आठवड्यांत मी पहाटे साडेचारला उठायला लागलो. स्नान, जप, गीतेचा एक श्लोक, आणि त्यावर चार ओळी. हो, हाच तो ब्लॉग. लोक म्हणाले, किती शांत झालायस! बायको म्हणाली, चिडचिड कमी झाली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लिहिलं की तुमच्यामुळे रोज वाचायची सवय लागली. हे सगळं खरं होतं. पण जमिनीचा एक तुकडा असा होता की त्यावर पाय पडला तर ‘भद’ वाजायचं, आणि मी चार वर्षं तिथे पाय ठेवणं टाळत होतो. त्या मुलाचं नाव फोनमध्ये दिसलं की मी स्क्रोल करायचो. अपयशावर, सत्यावर, कर्मफळावर लिहिलं, पण त्या शुक्रवारवर कधी लिहिलं नाही.

तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंतांनी यासाठी एक कडक शब्द वापरलाय. हातपाय आवरून बसलेला, पण मनाने विषयांमध्येच घोळत असलेला जो माणूस, त्याला ते मिथ्याचारी म्हणतात. वरून नीट, आतून वेगळा. त्या शनिवारी बोटीत बसून मला वाटलं की हा श्लोक माझ्यावरच आहे. आणि मग घरी जाताना गाडीत दुसरा विचार आला. माझी साधना म्हणजे चार वर्षांचं ढोंग असेल, तर ती थांबवावी. आधी आतलं सगळं उखडून स्वच्छ करावं, मगच देवाचं नाव घ्यावं. तोपर्यंत ब्लॉग बंद.

तुमच्यातले बरेच जण इथेच अडकलेले असतात, हे तुमच्या निरोपांवरून मला माहीत आहे. “दादा, माझं वागणं असं आहे, मी माळ कशी हातात घेऊ? हे ढोंग नाही का?” प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून तो नीट मांडू. जुनं सडकं असताना त्यावर नवं घालणं ही फसवणूक आहे का?

नवव्या अध्यायात भगवंत याचं उत्तर वेगळ्या बाजूने देतात. अत्यंत दुराचारी माणूससुद्धा एकनिष्ठेने मला भजू लागला तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य दिशेला झालाय. तो लवकरच धर्मात्मा होतो. बघा हं, ‘आधी धर्मात्मा हो, मग भज’ असा क्रम इथे नाही. भजन आधी, शुद्धी नंतर.

मग तिसऱ्या अध्यायातला मिथ्याचारी आणि नवव्या अध्यायातला साधू यांच्यात फरक काय? दोघांच्याही आत जुनं आहे. दोघांनीही वरून नवं घातलंय. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतील. हा प्रश्न मी पुढचे बरेच शनिवार बोटीत घेऊन जात राहिलो, आणि उत्तर मला हळूहळू कामातच सापडलं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की जमीन पूर्ण उखडली तर कामच करता येत नाही. सडका भाग काढण्यासाठी आम्ही बरीच जमीन उचलली, तेव्हा दोन दिवस केबिनमध्ये पाय कुठे टेकवायचा हाच प्रश्न होता. पंपापर्यंत पोचायलासुद्धा आजोबांना तात्पुरती फळी टाकावी लागली. साधना बंद करून आतलं साफ करायला निघालेल्या माणसाचं असंच होतं. ज्यावर उभं राहून आत डोकवायचं, तेच त्याने काढून टाकलेलं असतं. पहाटेचं ते वाचन नसतं, तर तो शुक्रवार मला बोटीत आठवलाही नसता.

मग हेही दिसलं की जुनं सगळंच सडकं नव्हतं. आजोबांनी ठोकून ठोकून खडूने रेघ आखली. रेघेच्या आतलं करवतीने कापून काढलं, बाहेरचं पटाशीने साफ करून ठेवलं. चाळीसेक वर्षांचं ते लाकूड आतून अजून सोनेरी होतं. मला स्वतःकडे असं बघता येत नव्हतं. मी एकतर ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचो किंवा ‘मी पूर्ण नालायक आहे’. ठोकून पाहायला वेळ लागतो, म्हणून आपण या दोन टोकांना पळतो.

त्यापुढचं काम म्हणजे वरची गळती. आजोबांनी नवं प्लायवूड आणायच्या आधी डेकवरचं जुनं सीलंट काढून नवं भरलं. मग केबिनमध्ये हीटर लावून आठवडे वाट पाहिली. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही, म्हणून दर शनिवारी ते यंत्र टेकवून आकडा बघायचे आणि मान हलवायचे. अजून नाही. माझी गळती कुठे होती? त्या शुक्रवारी नव्हती. ‘लोकांनी मला चांगलं म्हणावं’ ही ती चीर. तिच्यातून येणारं पाणी गोड असतं, म्हणून ते घातक आहे हे समजत नाही. मीटिंगमध्ये गप्प बसलो तेही तिच्यामुळे आणि, खरं सांगतो, ब्लॉगवरचे लाइक मोजायचो तेही तिच्यामुळे.

आणि शेवटी जुन्यावर नवं घातलंच. होय, माझी मूळ युक्ती आम्ही वापरली! जे शाबूत होतं त्याचं वॉर्निश घासून काढलं, कारण मेणचट, तेलकट पृष्ठभागावर काहीच चिकटत नाही. पुठ्ठ्याचे साचे कापले, कारण बोटीत एकही रेघ सरळ नसते. नव्या प्लायवूडच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजलं, कारण पाणी कडेतूनच शिरतं. आणि तीनही झाकणं पुन्हा कापली. डोलकाठीजवळचं झाकण बसवायला एक अख्खा शनिवार गेला. जमीन एकसंध दिसत नाही, तिसरी चौकट डोळ्यांत येते. मी तसं म्हटल्यावर आजोबा म्हणाले, “दिसू दे. माझ्यानंतर जो कोणी ही बोट घेईल, त्याला हात कुठे घालायचा ते कळेल.”

मला वाटतं, मिथ्याचारी आणि साधू यांच्यात फरक एवढाच आहे. आधीचा मालक आणि आजोबा, दोघांनीही जुन्यावर नवं घातलं. एकाने झाकण बुजवलं, दुसऱ्याने ठेवलं. साधना कुठल्या माणसावर चढवली आहे हे देव विचारत नाही. पण ती चढवल्यावर आत बघायची वाट बंद झाली, तर तीच साधना कुजवते, आणि साधना नसलेल्यापेक्षा लवकर कुजवते, कारण वरून सगळं छान दिसत असतं.

हे लिहिताना मला राजापूरजवळचं आजोळ आठवतंय. आजी दर चार-आठ दिवसांनी घर सारवायची. जुन्या थरावर नवा थर, वर्षानुवर्षं. पण हात फिरवायच्या आधी पोपडे खरवडायची, उंदराचं बीळ दिसलं तर बुजवायच्या आधी आत काडी घालून बघायची. आणि पावसाळा संपला की खळं उकरून, नवी माती घालून, चोपण्याने चोपून पुन्हा पहिल्यापासून. रोजचा जप हे सारवण आहे. ते करायचंच. पण वर्षातून एकदा उकरायचंही असतं, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तर मी काय केलं? त्या मुलाचा नंबर शोधला. दोन आठवडे धाडस झालं नाही. मग एका शनिवारी सकाळी, पुण्यात रात्र असताना, फोन केला. काय झालं होतं ते त्याला माहीतच होतं, तरी मी सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. “चाचणी करू नको असं मी म्हणालो होतो. मीटिंगमध्ये मी ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.” बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “दादा, मला तेव्हा राग आला नव्हता. पुढे दोन वर्षं कुठलाही बदल टाकताना हात थरथरायचा, तेव्हा आला.”

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा पुन्हा मागितलं नाही, कारण तेही त्याच्यावर ओझंच झालं असतं. त्या वेळच्या मॅनेजरना मी लेखी कळवलं. त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं. आता त्याने कुणाचं काही परत येणार नाही. हे इथे लिहू का, असं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “माझं नाव न घालता लिहा.”

एक सावधगिरी. झाकण ठेवा म्हणजे सगळ्या जगासमोर उघडं ठेवा असं नाही. केबिनमध्ये झाकण बंदच असतं, त्यावरूनच आपण चालतो. चुका चव्हाट्यावर मांडणं हेसुद्धा एक प्रकारचं वॉर्निश होऊ शकतं, आणि ही पोस्ट लिहिताना ती भीती मला आहे. म्हणून आधी फोन, मग पोस्ट. झाकण आधी स्वतःला उचलता यावं, मग ज्याचं नुकसान झालं त्याला, आणि देवाला तर ते उचलावंही लागत नाही.

आता पुन्हा आजच्या श्लोकाकडे. ज्ञानाच्या नावेत बसून सगळ्यात मोठा पापीही तरून जातो. पूर्वी मला यातलं ‘तरून जातो’ एवढंच ऐकू यायचं. आता वाटतं, नाव ज्ञानाची आहे, विसरण्याची नाही. माझ्यासाठी त्या ज्ञानाची सुरुवात कुठल्या मोठ्या तत्त्वापासून झाली नाही. माझ्या पायाखाली काय आहे, हे कळण्यापासून झाली.

आजचा अभ्यास: रात्री जपाला बसण्याआधी पाच मिनिटं आपल्या जमिनीवर ठोकून बघा. कुठे आवाज बदलतो? कुठलं नाव दिसलं की बोट आपोआप पुढे सरकतं? आज लगेच काही करू नका. फक्त तिथे खडूने एक खूण करा. मग रोजच्यासारखी माळ हातात घ्या आणि जप करा, सोडू नका.

बोट पुढच्या महिन्यात बॅलर्डच्या लॉक्समधून समुद्रात उतरणार आहे. आजोबांनी मला बोलावलंय. माझं काम ठरलेलं आहे, दर तासाला तिसरं झाकण उचलून आत बघायचं.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।